पावाची तलफ येते तेव्हा: कोकणातल्या नव्या सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं झिजवणारा आजार. त्याचा रिपोर्ट हातात येतो, डॉक्टर सांगतात की आता गहू कायमचा बंद, आणि घरी भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘मग काय एवढं, आपण भातखाऊच की!’ खोटं नाही ते. दुपारी ताटात भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार आणि सोलकढी असली की सिलिअ‍ॅकची आठवणही होत नाही. ती होते चारच्या चहाला, एसटी स्टँडवर वड्यांचा घाणा निघाला की, सकाळी पाववाल्याचा भोंगा वाडीत वाजला की. हा लेख त्या वेळांसाठी आहे. मी रत्नागिरीत राहते आणि हा आजार घेऊन बरीच वर्षं काढली आहेत. माझ्या अनुभवात निव्वळ गव्हासाठी जीव कासावीस होतो असं फार कमी वेळा घडतं. कधी काहीतरी कुरकुरीत हवं असतं, कधी रश्श्यात बुडवायला मऊ काहीतरी, आणि पुष्कळदा चार माणसांत आपणच तेवढे कोरडे बसलोय हे नको असतं. यातलं नेमकं कोणतं, हे ओळखता आलं की पुढची वाट बहुधा आपल्याच स्वयंपाकघरातून जाते.

गहू सोडण्याआधी

तपासण्या पूर्ण झाल्या नसतील तर गहू बंद करू नका. रक्तातली टीटीजी-आयजीए ही चाचणी आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, दोन्ही गहू पोटात जात असतानाच भरवशाच्या असतात. महिनाभर भाकरी खाऊन मग तपासायला गेलात तर निकाल फसवा येऊ शकतो.

निदान पक्कं झालं असेल तर मात्र ‘थोडंसं चालतं का?’ हा प्रश्न एकदाच विचारून संपवा. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्या लहान आतड्यावर उलटते आणि अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी आतली बारीक लव झिजते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेवढ्यानंही आतड्याची झीज दिसली. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमच्या वर ग्लुटेन असतं. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा हिस्सासुद्धा रोज गेला तर जास्तच. शिवाय पोट दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही असं नसतं. काही जणांना गहू खाऊन काहीच जाणवत नाही आणि आत नासधूस चालूच राहते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नवं फॅड वाटतं. त्यांना डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांची हकिगत सांगा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्याकडची ही आजारी मुलं उपासमारीतही सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. गव्हावरचा संशय तेव्हा पक्का झाला. आमच्याकडे भाषणांपेक्षा या गोष्टीचा उपयोग जास्त झाला.

आणि हो, खपली गहू हा गहूच आहे. सेंद्रिय, घरच्या शेतातला, जात्यावर दळलेला, कसाही असला तरी गहूच. हे तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागणार आहे.

भूक की तलफ?

सुरुवातीच्या महिन्यांत आतडं भरून येऊ लागतं तशी भूक सपाटून लागते. तिला लोक तलफ समजतात आणि स्वतःवर चिडतात. मी म्हणेन, आधी जेवा. नुसता भात खाल्ला की दोन-तीन तासांत पोट पुन्हा मागायला लागतं आणि नेमकं तेव्हा समोर बिस्किटाचा पुडा असतो. म्हणून भाताबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, मासा, अंडं यांतलं एक तरी रोज हवंच. नाश्त्याला नाचणी आणा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि झिजलेल्या आतड्यानं इतके दिवस कॅल्शियम नीट घेतलेलंच नसतं. गव्हाबरोबर चोथाही जातो, त्यामुळे नुसत्या तांदळावर राहणाऱ्यांना बद्धकोष्ठ होतं. त्यावरही नाचणी, उसळी आणि पालेभाजी हाच उपाय.

एक वेगळी तलफ मात्र डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी: कच्चे तांदूळ चघळावेसे वाटणं, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं. लोहाची कमतरता असली की असं होऊ शकतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये ती सर्रास आढळते. बायका हे लपवतात. तांदळाच्या डब्यात सारखा हात जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. ती मनाच्या निग्रहाची बाब नाही.

दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर तेही सांगा. आतडं झिजलेलं असताना दुधातली साखर पचत नाही, पुढे बहुतेकांना ती पुन्हा पचू लागते. तोवर नारळाचं दूध आहेच, आणि ते कोकणात कुणाला शिकवायला नको.

गिरण, हिंग आणि मेतकूट

तलफ भागवायला जे खाणार तेच आधी निर्धोक हवं. कोकणात खरी गोची गिरणीत आहे. तांदूळ आपला, डबा आपला, पण आपल्या आधी गव्हाचं दळण झालं असेल तर पहिल्या पिठात तो मिसळलाच समजा. ‘दादा, आधी तांदूळ दळा आणि मग माझं घाला’ असं सांगून भागत नाही. जात्याच्या फटीत आणि पिठाच्या पिशवीत गहू राहतोच. शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. ते परवडत नसेल तर ज्यात गहू कधीच दळलेला नाही असं दगडी जातं घासून, धुऊन, कडक उन्हात वाळवून फक्त तुमच्यासाठी ठेवा. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: पीठ लागणारच नाही असे पदार्थ. घावणे, आंबोळ्या, इडल्या हे सगळं भिजवून घरच्या मिक्सरमध्ये वाटायचं, गिरणीचा संबंधच येत नाही. तांदूळ मात्र आधी निवडून घ्या. सुट्या धान्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

हिंगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाजारात मिळणारी हिंगाची पूड निव्वळ हिंग नसते, तिच्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाचं पीठ वापरलेला हिंग मिळतो, डबी उलटून घटक वाचा. हिंगावरून पुढची साखळी लागते: विकतचं लोणचं, उडदाचे पापड, ताकाचा मसाला.

मेतकुटात परंपरेनं मूठभर गहू भाजून घालतात. मऊ भात-मेतकूट हे आजाऱ्याचं जेवण, पण आपल्या आजाऱ्याचं नाही. गहू वगळून घरी केलं की चवीत फरक पडत नाही, मी पैज लावते. कोंबडी-वड्यांच्या पिठातही अनेक घरांत तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ यांच्या जोडीला गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीचं तेच. कुरडया तर गव्हाच्याच. उलट आंबापोळी, फणसपोळी आणि तांदळाच्या फेण्या यांत गव्हाचं काही काम नसतं.

घरातले बाकीचे पोळ्या खात असतील तर तुमचा तवा, पोळपाट-लाटणं आणि गाळणी वेगळी करा. लाकूड आणि बीड घासून पूर्ण स्वच्छ होत नाही.

चारचा चहा

बहुतेकांचा तोल इथेच जातो. चहात बुडवायला काहीतरी हवं असतं, आणि सवय वर्षानुवर्षांची. पुडक्यावर ‘नाचणी बिस्किट’ लिहिलेलं दिसलं की लोक खूश होऊन घेतात. मागे वाचलं तर पहिला घटक मैदा किंवा गव्हाचं पीठ. ‘मल्टिग्रेन’चीही तीच कथा. माल्ट लिहिलेलं पेय म्हणजे बहुधा जव. ओट्स शुद्ध असल्याची खात्री असेल तरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून. भारतात पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, तेव्हा विकतचं घ्यायचं तर तो शब्द शोधा.

पण रोजच्याला विकतचं कशाला? चार वाजता मला दडपे पोह्यांसारखं काही नाही: पातळ पोहे, ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, मिरची, लिंबू, वर तळलेला पोह्याचा पापड चुरून. दहा मिनिटं दडपून ठेवायचे, तेवढ्यात चहा होतो. ज्यांना बुडवायलाच हवं त्यांनी आपल्या पिठाची तांदळाची बोरं किंवा कडबोळी डबा भरून ठेवावी. कडबोळं चहात धरलं की बाहेरून नरम होतं, आत कुरकुरीत राहतं, आणि बिस्किटासारखं तुटून तळाशी जात नाही. सुटे पोहे घेताना दुकानदाराचं माप रव्याच्या पोत्यातून आलेलं नाही ना हे बघा. बंद पाकीट बरं.

डबा चारच्या आधी भरलेला असणं महत्त्वाचं. भूक लागल्यावर कडबोळी वळायला कुणी बसत नाही.

पाव

पावाला पर्याय नाही, हे मान्य करून टाका म्हणजे निराशा कमी होते. ग्लुटेनमुळेच पाव तसा ताणला जातो आणि फुगतो. ऑनलाइन मागवायचा ग्लुटेन-फ्री ब्रेड मिळतो. किंमत बघूनच निम्मी तलफ उतरते. भाजून खाल्ला तर बरा लागतो.

पण मिसळीला किंवा उसळीला पाव का लागतो? रस्सा शोषायला. ते काम आंबोळी करते. तांदूळ आणि उडीद वाटून रात्रभर आंबवलेलं पीठ जाडसर घालायचं, झाकण ठेवून एकाच बाजूनं भाजायचं. वरची जाळी रस्सा असा काही पिऊन घेते की पाव आठवत नाही, निदान त्या जेवणापुरता तरी. वडापाव हवा असेल तर बटाटेवडा घरी तळा आणि लसणीच्या लाल चटणीसकट घावण्यात गुंडाळा. स्टँडवरचा वडा पावाशिवायही नको: त्याच कढईत समोसे तळलेले असतात आणि देणारा हात पावाचाच असतो.

घावणे जमत नाहीत असं शहरातून आलेले लोक म्हणतात, म्हणून सविस्तर सांगते. जाडा, जुना तांदूळ रात्री भिजत घाला. सकाळी पाणी घालून अगदी गुळगुळीत वाटा, मीठ घाला आणि पीठ ताकाइतकं पातळ करा. बिडाचा तवा सणसणीत तापवा. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तव्यावर फिरवा. प्रत्येक वेळी पीठ तळापासून ढवळा, कारण तांदूळ खाली बसतो, आणि कडेकडून आत असं ओता. चर्र आवाज होऊन लगेच जाळी पडली पाहिजे. नाही पडली तर पीठ जाड आहे किंवा तवा थंड. जाळीत भोक राहिलं तर पिठाचे दोन थेंब टाका, पळी फिरवत बसू नका. झाकण, कडा सुटल्या की उलटा, आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम चटका. पहिला घावणा बिघडतोच, तो कुत्र्याचा. तिखट तलफेला चटणी, गोड तलफेला गूळ घातलेला नारळाचा रस.

पोळी आणि तळलेला मासा

पोळीची आठवण डब्याला येते. तांदळाची उकड काढून गरम असतानाच मळली, तर लाटून पातळ, पापुद्रा सुटणारी भाकरी होते आणि ती डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. ज्वारी किंवा नाचणीचं पीठ लाटताना फाटत असेल तर वाटीभर पिठात चमचाभर इसबगोल घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

माशाला लावायचा रवा गव्हाचा असतो, हे नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. इडलीचा रवा तांदळाचा, उपम्याचा गव्हाचा. नावावर जाऊ नका. घरी धुतलेले तांदूळ सावलीत वाळवून मिक्सरमध्ये भरड काढा. कोकमाचं आगळ, हळद, तिखट आणि मीठ लावलेली सुरमई या भरडीत घोळवून थोड्या तेलात मंद भाजली तर कवच रव्यापेक्षा जास्त वेळ कडक राहतं. बोंबील आधी वजनाखाली दाबून पाणी काढलेले हवेत. खानावळीत मात्र तळलेल्यापेक्षा सार मागा. ‘तांदळाचं पीठ लावा’ म्हटलं तरी तवा आणि तेल तेच असतं. बिअर जवाची असते, फेणी काजूच्या बोंडांची किंवा माडाची. याहून जास्त त्या विषयावर मी बोलत नाही.

सण, प्रसाद आणि ‘वायच खा गो’

कोकणातले अर्धे सण आपल्या बाजूचे आहेत. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नारळी पौर्णिमेला नारळीभात, गणपतीत उकडीचे मोदक, गौरीला घावन-घाटलं, दिवाळीच्या पहिल्या सकाळी तऱ्हेतऱ्हेचे पोहे. अनारसे तांदळाचे. उपवासाच्या दिवशी तर वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. एकादशीला कुणाच्याही घरी जेवायला बसणं त्यातल्या त्यात सोपं. मोदकांत एकच मेख: उकड चिरू नये म्हणून काही जणी त्यात थोडा मैदा मिसळतात. विचारायला लाजू नका. होळीला पुरणपोळीऐवजी नुसतं पुरण वाटीत घेऊन वर तूप घाला. पुरण यंत्रातून काढल्यावर आधी तुमचं बाजूला काढून ठेवायला सांगा, पोळीचा हात लागण्याआधी.

जत्रेतलं मालवणी खाजं बेसनाचं असतं, पण करणाऱ्याला विचारून आणि तेल बघूनच.

अवघड जातो तो सत्यनारायणाचा शिरा. प्रसाद नाकारायचा कसा? हातात घ्या, कपाळाला लावा, शेजारच्या पोराला द्या, हात धुवा. कुणाचा मान जात नाही. तुमच्याच घरी पूजा असेल तर वरीचा शिरा करा, देवाला चालतो. आणि एखादी काकी मायेनं म्हणणारच, ‘वायच खा गो, काय होवचा नाय.’ तिला आजार समजावत बसू नका. ‘काकी, डॉक्टरांनी बंद केलाय, तुझी सोलकढी दे आणखी वाटीभर’ म्हणा. नकार देऊन काहीतरी मागून घेतलं की आग्रह करणाऱ्यालाही समाधान मिळतं आणि तुम्ही कोरडे राहत नाही.

लग्नाला जाताना आचाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा, यजमानीणबाईंना नव्हे. त्यांना त्या दिवशी स्वतःचं नावही आठवत नसतं. भात, वरण आणि भाजी पंगत सुरू होण्याआधी वेगळी काढून ठेवायला सांगा, आणि वरणाची फोडणी कोणत्या हिंगाची ते विचारा. शंका असेल तर पोटाला आधार देऊन निघा.

खाल्लंच तर

कधीतरी होतं. चुकून होतं किंवा समोरच्या खारीवर हात जातो. उतारा म्हणून काही घेऊ नका. ग्लुटेनचा परिणाम पुसून टाकणारी गोळी नाही, पचनाच्या गोळ्या विकणाऱ्यानं काहीही सांगो. पाणी, पेज, विश्रांती. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर दवाखाना गाठा. ‘आज मोडलंच आहे तर रात्री पिझ्झाही खाऊ’ हा विचार मात्र त्या एका खारीपेक्षा महाग पडतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना खरं सांगा. टीटीजीचा आकडा घसरत नसेल तर कारण शोधायला त्यांना तेच लागतं. काय खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं हे वहीत लिहा. काही दिवसांनी पान उलटलंत तर बहुधा एकच वेळ किंवा एकच जागा पुन्हा पुन्हा दिसेल, आणि डबा नेमका तिथे ठेवता येईल.

प्रवासात

मुंबईला जाताना कोकण रेल्वेत बसा की एसटीत, वाटेत मिळणारं बहुतेक सगळं पावाचं, मैद्याचं किंवा त्याच तेलातलं. तेव्हा निघण्याआधी दोन जेवणांचा हिशेब करा: उकडीच्या भाकऱ्या आणि सुकी भाजी पहिल्याला, दडपे पोहे किंवा चिवडा दुसऱ्याला. गाडी लेट होईल असं धरूनच भरा. वर केळी, फणसपोळी, भाजलेले शेंगदाणे. फलाटावर कटलेट घेऊ नका, त्यात ब्रेडचा चुरा असतो. उकडलेली अंडी चालतील. सोलून मागू नका, स्वतः सोला.